झोडणीचे चाळीस सेकंद

काशीभाऊ ओव्हाळ टीव्ही बघायला आले की रिमोटला आधी हात लावत नसत. पायरीवर चपला काढायच्या, खांद्यावरची कापडी पिशवी दाराशी टेकवायची आणि टीव्हीखालच्या लहानशा काळ्या डब्यावर उजवा तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहायचे, हा त्यांचा क्रम ठरलेला. घरातली माणसे तोवर आपापली तक्रार घेऊन भोवती जमलेली असत. कुणी म्हणे गोल फिरतंय, कुणी म्हणे मधेच अडकतंय, कुणी म्हणे आवाज येतो पण तोंडं दिसत नाहीत. काशीभाऊ कुणालाच उत्तर देत नसत. तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवलेली आई क्षणभर बाकीच्या घरापासून दूर जाते, तसे ते दूर गेलेले असत. मग डोळे उघडून एवढेच म्हणत, "ताप हाय." किंवा, "ताप न्हाई. दुसरं कायतरी हाय."

इंटरनेटवरून सिनेमे, मालिका, कीर्तने ओढून टीव्हीवर दाखवणारा हा डबा आमच्या कुसगावात घरोघर आला, तेव्हा त्याच्यासोबत आलेली माहितीपुस्तिका मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत होती. ती कुणी वाचली नाही. सगळ्यांनी काशीभाऊंना बोलावले. त्यांनी त्याआधी पत्र्यांवर चढून अँटेना फिरवल्या होत्या, "आलं का? आता आलं का?" असे वरून विचारत, मग आंब्याजांभळांच्या फांद्यांतून केबलची तार ओढली होती. यंत्रे बदलत गेली, तक्रार तीच राहिली, आणि तक्रार ऐकणारा माणूसही तोच राहिला.

उंच, किंचित पुढे झुकलेली अंगकाठी. पांढरा सदरा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. तर्जनीच्या टोकाला भाजल्याची जुनी, गुळगुळीत खूण. त्यांच्या पिशवीला जुन्या लाकडी पेटीसारखा, सोल्डरिंगच्या राळेच्या धुराचा वास येई, आणि तिच्यात मोजक्याच वस्तू असत: रंगकामाचा एक मऊ कुंचला, चष्म्याचे फडके, गुंडाळलेल्या तीन केबल, एक शंभर पानी वही, आणि औषधाच्या रिकाम्या डबीत कापसात ठेवलेला एक पेनड्राइव्ह. तो कापूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आले होते. दागिना असल्यासारखा ते तो दोन बोटांनी उचलत.

दुखण्यांची नावे त्यांनी स्वतःची ठेवली होती. चित्रात चौकोन पडू लागले की चित्राला देवी आल्या. आवाज आहे पण चित्र नाही, तर डबा आंधळा. चित्र आहे पण आवाज नाही, तर मुका. पडद्यावर ते पांढरे गोल फिरत राहिले की डबा 'वाट बघतोय'. आणि एखादी चित्रफीत काही केल्या उघडेना, तर ते म्हणत, "त्याला ही भाषा येत न्हाई." चित्रफिती वेगवेगळ्या रीतींनी बांधलेल्या असतात आणि प्रत्येक डब्याला प्रत्येक रीत उलगडता येत नाही, हे इतक्या थोडक्यात मला नंतरही कुणी सांगितले नाही. एकदा एका गृहस्थांनी अशा डब्याला वरून दोन चापट्या मारल्या. काशीभाऊंनी त्यांचा हात धरला. "मारून काय व्हणार? तुमाला आमची बोली समजत न्हाई, म्हणून तुमाला आमी मारतो का?"

शनिवारी-रविवारी त्यांना बोलावून उपयोग नसे. लोणावळ्याचे रस्ते गाड्यांनी भरले की हवेतल्या अदृश्य वाटाही भरतात, बंगल्याबंगल्यांत एकाच वेळी शंभर पडदे उजळतात आणि कुसगावात गोल फिरू लागते. काशीभाऊ फोनवरच सांगत, "पावणं गेलं की चालंल. सोमवारपत्तोर धीर धरा." एकदा मुंबईहून आलेल्या एका साहेबांनीच त्यांना बंगल्यावर बोलावून घेतले आणि तासभर सुनावले, की इतका भारी डबा घेऊन हे असे का थांबते, नेमका दोष कुणाचा. काशीभाऊंनी डब्यावर हात ठेवला, खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिले, आणि अत्यंत आदराने म्हणाले, "साहेब, तुमचाच."

दसरा झाला की त्यांचा खरा हंगाम सुरू होई. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या लोखंडाची, यंत्रांची पूजा होते. कोयता, विळा, शिलाई मशीन, दुचाकी, आणि आता हा डबाही. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. डब्याच्या वरच्या बारीक जाळीतून हे सगळे आत जाई आणि दोनचार दिवसांत त्याला ताप चढे. पेनड्राइव्ह लावायच्या चौकोनी भोकात तर हमखास कुंकवाचे बोट बसलेले असे, कारण घरातल्या बाईला तेच देवाच्या कपाळासारखे वाटे. काशीभाऊंच्या घरी अशी पूजा होत नसे. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. पण कुंचल्याने कुंकू झाडताना त्यांच्या तोंडून कधी खोचक शब्द गेला नाही. कुंकू ते कागदावर गोळा करत आणि पुडी बांधून घरच्या बाईच्या हाती देत. "पूजा करा, ताई, मी न्हाई म्हणत न्हाई. पर भोकात नको. त्यो तितनं श्वास घेतो."

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते आईसाठी. आई लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली होती, गुडघ्यांनी तिला घरात बसवले होते, आणि मी सकाळी कॉलेजवर शिकवायला गेले की संध्याकाळपर्यंत ती, खिडकीतले डोंगर आणि टीव्ही एवढीच असत. डबा मधेच थांबू लागला तशी ती कावरीबावरी झाली. काशीभाऊंनी तळवा ठेवला. "ताप न्हाई. आता नेट आजारी हाय का डबा, ते बघू." मग कापसातून पेनड्राइव्ह निघाला.

त्यांची ही रीत सगळीकडे सारखी होती. पेनड्राइव्हवरची एकच चित्रफीत ते डब्याच्या पोटात उतरवून घेत आणि तिथूनच लावत. ती सुरळीत चालली, तर डबा निरोगी, दोष नेटचा. तीही अडखळली, तर डब्यातच बिघाड. आईच्या टीव्हीवर त्या दिवशी जे दिसले ते मी दारात उभी राहून पाहिले. खळे. मागे पेंढ्यांची रास. हिरव्या नऊवारीचा काचा मारलेली, पदर खोचलेली एक बाई भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलते आणि समोरच्या फळीवर आपटते. धप्. दाणे उडतात, उन्हात क्षणभर टांगल्यासारखे राहतात, आणि खाली पडतात. पुन्हा पेंढी वर. पुन्हा धप्.

"उडतं दाणं बघायचं," काशीभाऊ आईला सांगत होते. "डबा कच्चा आसला की दाण्यांचं चौकोन व्हत्यात. आन् आवाज बघायचा. पेंढी फळीला लागंल तवाच धप् झालं पायजे. आधी न्हाई, मागनं न्हाई." मनात बारा मोजून होताच त्यांनी चित्र थांबवले. सगळीकडे ते तिथेच थांबवत.

"कोण ही?" आईने विचारले.

"आमची सुमन." ते केबल गुंडाळत होते. "गेली. लेक धा वर्साची व्हती तवा. मी लग्नाच्या शूटिंगला मदतीला जायचो, मालकाचा कॅमेरा घरी आणलावता एक दिस. तवाचं हाय. चाळीस सेकंद."

दोष नेटचा निघाला. जाण्यापूर्वी ते डब्यातली चित्रफीत पुसू लागले. हाही त्यांचा नेम होता. काम झाले की सुमनबाईंना ते प्रत्येक घरातून परत घेऊन निघत. "दुसऱ्याच्या घरी आपलं माणूस ठिवून जाऊ नये," असे म्हणत. आई म्हणाली, "राहू दे की तिला. दुपारी मला सोबत होईल."

काशीभाऊंचा अंगठा रिमोटवर तसाच राहिला. मग त्यांनी रिमोट आईच्या हातात दिला.

पुढे ते काही बिघाड नसतानाही येऊ लागले. निमित्त वहीचे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. डबा इंग्रजीत बोले आणि काशीभाऊ एकेक अक्षर जोडत वाचत. अडलेले वाक्य ते वहीच्या डाव्या पानावर जसेच्या तसे उतरवून आणत आणि उजव्या पानावर आई त्याचा मराठी अर्थ लिहून देई, शाळेतल्यासारखा, तारीख घालून. त्या वहीच्या पहिल्या पानावर काशीभाऊंनी स्वतः एक वाक्य लिहिले होते, आणि कुसगावात ते सगळ्यांना पाठ होते: "ओके दाबायच्या आधी वाचा. डबा इचारतोय, हुकूम देत न्हाई."

वही झाली की चहा. चहा निवत असे आणि काशीभाऊ टीव्हीत हरवलेले असत; काहीही लागलेले असो, कथा नव्हे, ते चित्राचा काठ बघत, सावल्या बघत. अशा वेळी आई एकदम म्हणे, "अवो, पुरं झालं बघणं. आता हात लावा की जरा." आणि बशी पुढे सरकवी. काशीभाऊ दचकत, खाली मान घालून हसत आणि कप उचलत. मला मात्र संकोच वाटे. जन्मभर शुद्ध बोललेली माझी आई त्यांच्या बोलीची नक्कल करते आहे असे मला वाटे, आणि ते गेल्यावर मी तिला तसे बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "तुला नाही कळायचं ते." मी विषय सोडून दिला.

कान्हे गावातल्या आबांची गोष्ट याच काळातली. आबा रेल्वेच्या फाटकावर नोकरी करून निवृत्त झालेले. गाड्यांच्या आवाजाने म्हणा, वयाने म्हणा, कान जवळजवळ गेलेले. सून म्हणे, नवा डबा आल्यापासून आबा टीव्हीवर चिडतात, बंद करा म्हणतात, आणि बंद केला की रडवेले होतात. तिथे मी काशीभाऊंसोबत गेले ते केवळ रस्त्यात भेटले म्हणून. तीन जणांनी आधी डबा तपासून 'काही बिघाड नाही' म्हणून सांगितले होते. काशीभाऊंनी तळवा ठेवला, ताप नव्हता. मग ते टीव्हीकडे पाठ करून आबांसमोर मांडी घालून बसले आणि नुसते आबांच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

"ह्ये ऐकत न्हाईत," थोड्या वेळाने ते सुनेला म्हणाले. "ह्ये व्हट वाचत्यात. जरासं ऐकू येतंय, बाकीचं व्हटावरनं लावत्यात. आन् तुमच्या डब्यात व्हट आधी हालत्यात, आवाज मागनं येतो. तुमाला इतकं कळत न्हाई. आबांना सगळी दुनिया खोटी वाटती."

सुमनबाईंची झोडणी लागली. काशीभाऊंनी आबांना हाताने खूण केली, की धप् वाटेल तेव्हा मांडीवर थाप मारा. आबांनी मारली, पेंढी तेव्हा फळीवरून उठूनही गेली होती. काशीभाऊ डब्याच्या सेटिंगमध्ये शिरून आवाज केसभर पुढे आणत, पुन्हा झोडणी लावत, पुन्हा थाप. ऊन उतरले, सुनेने दोनदा चहा केला. खोलीत तीच बाई पुन्हा पुन्हा पेंढी उचलत होती आणि भिंतीवरून तिच्या हाताचा प्रकाश पुन्हा पुन्हा वर जात होता. शेवटी पेंढी, आवाज आणि आबांची थाप एका क्षणात पडली. पुन्हा पडली. आबांनी सुनेकडे पाहिले आणि मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "बाई चांगली झोडती की."

"व्हय," काशीभाऊ म्हणाले. "लय चांगली झोडायची."

आई गेली. तिच्या आजारपणाच्या शेवटी तो डबाही निरुपयोगी झाला होता. सिनेमे, मालिका दाखवणाऱ्या सगळ्या ॲपनी एकेक करून त्याला सांगून टाकले होते, की तुझ्यावर आता आम्ही चालणार नाही. यंत्र धडधाकट असते, पण त्याच्याशी बोलायचे जग थांबवते. मी नवा टीव्ही घेतला, ज्याला डबा लागत नव्हता, आणि आईची खोली बंद केली.

काशीभाऊंचे येणे कमी झाले. वहीच्या उजव्या पानावर लिहिणारे कुणी उरले नव्हते. मला विचारता आले असते. त्यांनी विचारले नाही, आणि मीही आपणहून म्हटले नाही. त्यांचे डोळे अधू होत होते हे मी रस्त्यात दोनदा पाहिले. ते मला आवाजावरून ओळखत. "ऑपरेशन करून घ्या," मी म्हणाले तर म्हणाले, "भात घरात येऊ द्या आधी."

यंदा कार्तिकात माझ्या टीव्हीच्या चित्राला देवी आल्या, आणि मी त्यांना बोलावले. दुपारची वेळ. खिडकीतून कापलेल्या शिवारांचा, ओल्या पेंढ्याचा गोडसर वास येत होता. लांब कुठेतरी मळणीचे यंत्र घरघरत होते. आमच्या कुंपणाला लागून असलेल्या खळ्यावर मात्र हौसाबाई एकटीच हाताने झोडत होती. तिच्या तेवढ्याशा तुकड्यासाठी यंत्र येत नाही. काशीभाऊंनी टीव्हीच्या पाठीवर तळवा ठेवला, पिशवी उघडली, आणि माझ्या मोबाइलवरचे एक कसलेसे फुलांचे चित्र लावायला सांगितले.

"झोडणी लावा ना," मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून औषधाची डबी काढली, उघडली, मला दाखवली. नुसता कापूस.

"गेली ती," ते म्हणाले. "श्रावणात. वरच्या एका बंगल्यावर नवा डबा व्हता. पेनड्राइव्ह लावला. त्यानं कायतरी इचारलं. इंग्रजीत. अक्षरं आशी पोहत व्हती समदी. मला वाटलं, इचारतोय, उघडू का. मी ओके दाबलं." जरा थांबून म्हणाले, "दाबलं, ताई. मीच दाबलं. त्यो इचारत व्हता, ह्ये समदं पुसून मी माझ्यासाठी वापरू का."

"दुसरी प्रत?"

"माझ्या रिपेरीच्या दुकानातल्या काम्पुटरात व्हती. त्यो ओलीनं मेला दोन वर्सांमागं. लोकांना म्हणायचो, दोन जागी ठिवा, तीन जागी ठिवा." ते हसले नाहीत. "दिव्याखाली अंधार. पुण्याला दावलं, न्हाई निघालं. फोटू हायेत तिचं. आवाज तेवढ्यातच व्हता. शेवटाला बोलती ती. लेकीला आईचा आवाज आठवत न्हाई आता. ती इचारती, मी सांगतो, पर आवाज सांगायचा कसा?"

खळ्यावर हौसाबाईची पेंढी पडत होती. माझ्या मनात काही हलायला एवढा वेळ का लागला, कोण जाणे.

"काशीभाऊ, आईच्या डब्यात तुम्ही ठेवली होती."

"ठावं हाय." त्यांनी डबीचे झाकण लावले. "मला वाटलं, भंगारात दिला आसंल. आन् मावशी गेल्यावर कुठल्या तोंडानं इचारू, की माझी बायकू तुमच्या घरात हाय का?"

आईची खोली उघडली तेव्हा आत कापराचा आणि बंद पुस्तकांचा वास होता. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, तिच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला डबा सापडला. वायर नाडीने बांधलेली. वर चिठ्ठी, तिच्या शाळेच्या अक्षरात: 'जुना डबा. चालू आहे. टाकू नये.'

काशीभाऊंनी तो दोन्ही हातांत घेतला, मग त्याच्यावर तळवा ठेवला. "गार हाय," ते म्हणाले. तळवा काढला नाही.

जोडणी केली. पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले आणि तिथेच लुकलुकत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटे. मी काही बोलणार होते, त्यांनी हाताने थांबवले. "म्हातारं माणूस हाय. उठायला येळ लागतो." तिसऱ्या मिनिटाला जुने, ओळखीचे निळे पान उघडले, आणि आत एका कोपऱ्यात, कुठल्याही नावाविना, सुमनबाईंचा छोटा चौकोन.

माझा हात रिमोटकडे गेला. काशीभाऊंनी तो धरला. "आधी कॉपी. बघणं मग. बघता बघता बसला तर?"

बाजारातून मागवलेले दोन कोरे पेनड्राइव्ह आले तोवर ते खुर्ची वळवून टीव्हीकडे पाठ करून बसले होते. पहिला पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर एक चौकट उमटली. ते उठले, रिमोट हातात घेतला, आणि मग जे त्यांनी आईखेरीज कुणाला कधी म्हटले नसावे ते मला म्हणाले. "ताई, तुमी वाचा. नीट वाचा. मी दाबतो."

मी आयुष्यभर कविता वाचल्या, शिकवल्या, एकेका शब्दावर तास घालवले. त्या दुपारी त्या चौकटीतल्या दोन ओळी मी पडद्यावर बोट ठेवून, एकेक शब्द जोडत वाचल्या. "वरची ओळ म्हणते, पुसून डब्यासाठी वापरायचा. खालची म्हणते, नुसता जोडायचा."

"खालची?"

"खालची."

"परत वाचा."

मी परत वाचले. त्यांनी खालची दाबली. पुढची चौकट आली. "कॉपी करायचं, की हलवायचं?" "हलवायचं न्हाई," ते पुटपुटले, "हलवायचं न्हाई तिला." पांढरी रेघ सरकू लागली. अर्ध्यावर येऊन थांबली. काशीभाऊंचा तळवा डब्यावर होता. त्यांनी दुसऱ्या हाताने वही उचलली आणि ते तिने डब्याला वारा घालू लागले, हळूहळू, आजाऱ्याला घालावा तसा. रेघ हलली. पुरी झाली. दुसऱ्या पेनड्राइव्हवर तेच सगळे पुन्हा, तेच वाचणे, तेच दोनदा विचारणे. मग माझ्या लॅपटॉपवर.

तिन्ही ठिकाणी उघडून पाहिल्यावरच त्यांनी खुर्ची टीव्हीकडे वळवली.

खळे. हिरवी साडी. पेंढी वर, धप्. दाणे उन्हात टांगलेले. मी मनात मोजत होते, आणि बारा झाले तेव्हा त्यांचा अंगठा सवयीने बटणावर गेला. त्यांनी तो उचलून घेतला. त्या पलीकडचे मी कधी पाहिले नव्हते. बाई आणखी काही पेंढ्या झोडते, दमते, मनगटाने कपाळ पुसते. केसांत भुसा. मग तिचे आपल्याकडे लक्ष जाते. ती कंबरेवर हात ठेवते आणि सरळ आपल्याकडे बघून, अर्धे रागावून, अर्धे हसून म्हणते:

"अवो, पुरं झालं बघणं. आता हात लावा की जरा."

चित्र हलले, माती दिसली, संपले.

आईच्या खोलीचे दार उघडेच होते. त्या दुपारी, त्या खुर्चीत, एकटी बसून ती हे किती वेळा बघत असेल ते मला तेव्हा कळले, आणि चहाची बशी पुढे सरकवताना ती कुणाचा आवाज कुणाला परत देत होती तेही. काशीभाऊंना ते पहिल्या दिवसापासून कळलेले होते.

"मग लावला का हात?" मी विचारले. काहीतरी विचारायचे म्हणून.

"न्हाई." ते पडद्याकडे बघत होते, तो काळा झाला होता. "मालकाला कॅमेरा परत द्यायचा व्हता. घाईत निघून गेलो."

त्यांनी डब्यावर तळवा ठेवला. "ताप आलाय. निजू द्या त्याला." मी डबा साडीत गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवू लागले, तर त्यांनी तो काढून पुन्हा माझ्या हातात दिला. "हितंच ऱ्हाऊ द्या. मावशींनी ठिवून घेतलंय तिला, मी कोण नेणार?" पेनड्राइव्ह मात्र दोन्ही नेले, एक कापसात आपला, एक लेकीसाठी खिशात.

पुढच्याच महिन्यात त्यांचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि ते लेकीकडे आंबीला राहायला गेले. कुसगावात मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्या दुपारीच. फाटक लावून ते कुंपणाच्या कडेने, एका हाताने तारेचा अंदाज घेत, सावकाश उताराला लागले. हौसाबाईच्या खळ्यापाशी थांबले. ती काही बोलली, त्यांनी काही उत्तर दिले; वाऱ्याने मला ऐकू आले नाही. त्यांनी पिशवी बांधावर ठेवली, बाह्या आणखी एकदा दुमडल्या आणि पेंढ्यांच्या राशीआड वाकले. मला मग फक्त उडणारा भुसा दिसत राहिला. पण त्या खळ्यावरून सकाळपासून एकेरी येणारा तो आवाज, थोडा चुकत, थोडा सावरत, दुहेरी झाला.